एलिमेंटरी ते जी.डी. आर्ट : महाराष्ट्रातील कलाशिक्षणाची वाट

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय (जे. जे.) स्कूल ऑफ आर्ट मार्च 1857 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यामागे चित्रकार घडवण्याचा हेतू नव्हता. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचे कौतुक झाले होते, पण ती कारागिरी यंत्राच्या मालापुढे टिकेल का ही चिंताही होती. जमशेटजींनी एक लाख रुपयांची देणगी दिली ती कारागिरांच्या मुलांना रेखाटन, रचना आणि हस्तकौशल्य शास्त्रशुद्ध शिकता यावे म्हणून. पहिले वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरत. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग शिकवायला विलायतेहून आले. किपलिंग यांनी शिल्पकामाकडे लक्ष दिले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे त्यांचीच. 1878 मध्ये शाळा आजच्या इमारतीत आली, आणि 1891 मध्ये धातुकाम, गालिचे अशा कामांसाठी लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स उघडली. शाळा संपवून कलेकडे वळणाऱ्या मुलासाठी सरकारने आखलेली पहिली वाट ही अशी कारखान्याकडे आणि बांधकामाकडे जाणारी होती.

ग्रिफिथ्स यांनी त्याच वाटेवरून वेगळे काम करून घेतले. 1872 पासून पुढे तेराएक वर्षे ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करून घेत. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले प्रमुख. लंडनला पाठवलेल्या या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या, ही या इतिहासातील फार मोठी हानी होय. पण अंधाऱ्या लेण्यांत महिनोन्‌महिने बसून रेषा आणि रंग पारखणाऱ्या त्या मुलांचे शिक्षण मात्र वाया गेले नाही. 1896 मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले, तेव्हा कारागिरांच्या या शाळेतून स्वतंत्र कलावंत निघू शकतो हे सर्वांना दिसले.

मुंबईपासून दूरच्या मुलाला या शाळेपर्यंत पोचवणारा दुवा होता तो शाळेतला ड्रॉइंग मास्तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी शाळांत चित्रकला विषय रुजू लागला, त्यासाठी शिक्षक हवे होते आणि ते तयार करण्याचे वर्गही जे. जे. मध्ये निघाले. याच्या जोडीला विलायतेतील साऊथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर सरकारी रेखाकला परीक्षा आल्या: आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. गावोगावची मुले या परीक्षांना बसत. वस्तुचित्रासाठी टेबलावर घागर, तांब्या, घडी पडलेले फडके मांडलेले असे आणि ज्याला जी जागा मिळेल तिथून दिसेल तसे काढायचे. स्मरणचित्रात बाजार किंवा पाणवठा डोळ्यांपुढे आणून माणसांचे घोळके उभे करायचे. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात नक्षी बसवायची आणि सपाट रंग डाग न पडता भरायचा. भूमितीत कंपास आणि टी-स्क्वेअरने पेन्सिलीची बारीक, एकसारखी रेघ ओढायची, अक्षरलेखनात रोमन आणि देवनागरी अक्षरांची मापे सांभाळायची. पाठांतराचा इथे काही उपयोग नसे, हात आणि डोळा तयार लागे. इंटरमीजिएट झालेल्या मुलाला कलाशाळेचे दार उघडे होत असे. पालकांना मात्र बहुधा एवढेच ठाऊक असे की, या परीक्षा झाल्या तर मुलगा पुढे मास्तर तरी होईल.

हा हिशेब चुकीचा नव्हता. ड्रॉइंग टीचरच्या अभ्यासक्रमाने, जो पुढे आर्ट टीचर डिप्लोमा म्हणजे ए.टी.डी. म्हणून ओळखला गेला, पगाराची नोकरी मिळे. ज्याला आणखी शिकायचे असे, तो चित्रकला किंवा शिल्पकलेच्या पदविकेकडे, म्हणजे गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन आर्टकडे वळे. हेच ते ‘जी.डी. आर्ट’. अनेकांनी आधी ए.टी.डी. करून पोटाची सोय लावली आणि मग जी.डी. पुरी केली. ध्येय आणि पोट यांत तडजोड करण्याची ही रीत कमीपणाची मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या लहान गावांत चित्र पाहण्याची नजर पोचली ती या मास्तरांमुळेच.

काहींना संस्थानांचा आधार मिळाला. सावळाराम हळदणकर यांना सावंतवाडीच्या संस्थानिकांनी जे. जे. ला पाठवले. पुढे त्यांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे. जे. त दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहून त्या काळाचा मोलाचा दस्तऐवज मागे ठेवून गेले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जी.डी. झाल्या. मुलीने चित्रकला घरी छंद म्हणून जपावी, असे मानणाऱ्या समाजात ही घटना साधी नव्हती.

जे. जे. चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 नंतर, जिवंत मॉडेल समोर बसवून मानवाकृती काढण्याचे आणि भित्तिचित्रांचे वर्ग जोमाने चालले. नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी रंगवली. याच सुमारास पर्यायही उभे राहत होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनात परीक्षा आणि पदव्यांचे ओझे नव्हते. कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथे गेले, ते तिथलेच झाले. मुंबईत खासगी कलावर्ग निघाले, तिथे शिकून जी.डी. ची परीक्षा बाहेरून देता येई. इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे शिकलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनीही मुंबईची पदविका घेतली. सय्यद हैदर रझा आधी नागपूरच्या कलाशाळेत, मग जे. जे. त शिकले आणि 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. वासुदेव गायतोंडे यांनी 1948 मध्ये जे. जे. ची पदविका घेतली. मास्तर आणि कारागीर तयार करायला आखलेल्या या वाटेने भारतीय आधुनिक चित्रकलेला इतकी माणसे दिली, ही त्या वाटेची खरी पुण्याई.

उपजीविकेचा प्रश्न 1935 मध्ये नव्या रीतीने सुटू लागला. त्या वर्षी जे. जे. मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला. छापखाने, जाहिराती, सिनेमाची पोस्टरे, पुस्तकांची मुखपृष्ठे यांना माणसे हवी होती. 1958 मध्ये या विभागाची सर ज. जी. उपयोजित कला संस्था झाली आणि वास्तुकलेचे महाविद्यालयही वेगळे झाले. तेव्हापासून शाळा संपत आलेल्या मुलापुढे ‘फाइन की कमर्शिअल’ हा प्रश्न ठाण मांडून बसला. घरची मंडळी बहुधा दुसऱ्याच्या बाजूने असत. मात्र उपयोजित कला म्हणजे दुय्यम कला नव्हे. त्याच शिक्षणातून आलेले र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात काम करून पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. संगणकावर घरोघरी वापरला गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच.

1965 मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि परीक्षा, पदविका व खासगी चित्रकला महाविद्यालयांची मान्यता एका छताखाली आली. मुंबईखेरीज नागपूर आणि औरंगाबाद इथे सरकारी कला महाविद्यालये होती. दहावीनंतर एक वर्षाचा फाउंडेशन आणि त्यापुढे जी.डी., किंवा थेट दोन वर्षांचा ए.टी.डी., असा क्रम कित्येक वर्षे रूढ होता. पदवीच्या बाबतीत मात्र बडोदे पुढे होते. तिथल्या विद्यापीठाने 1950 मध्येच ललित कलेची विद्याशाखा काढली आणि बेंद्रे तिथे चित्रकला शिकवू लागले. मुंबईत पदवी आली ती 1981 मध्ये. गोव्यात पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवर 1972 मध्ये कला महाविद्यालय निघाले, त्यामुळे तिथल्या मुलांना मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही.

पदवीमुळे प्रवेशाचे वयही सरकले. बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीसाठी कोणत्याही शाखेची बारावी आणि राज्याची प्रवेश परीक्षा लागते, आणि तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र व सामान्यज्ञान असे विषय असतात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अजून चालू आहेत. इंटरमीजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीच्या निकालात 7, 5 किंवा 3 गुण वाढतात. 2023 मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि 1958 मध्ये वेगळ्या झालेल्या कला, वास्तुकला व उपयोजित कला या तिन्ही संस्था पुन्हा एका विद्यापीठाचे भाग झाल्या.