गादीमागची सावली : महाराणी येसूबाई

गादीवर कोण बसले हे इतिहास ठळक अक्षरांत लिहितो. त्याला तेथे बसविण्याचा विचार कोणी मांडला, हे मात्र पुष्कळदा ओझरते सांगून तो पुढे जातो. महाराणी येसूबाईंच्या बाबतीत असेच झाले आहे.

येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या व छत्रपती संभाजीमहाराजांच्या पत्नी. महाराज मोहिमांवर असताना राज्यकारभाराची जबाबदारी त्यांच्याकडे असे. तेव्हा दरबाराचे राजकारण त्यांना नवे नव्हते.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजीमहाराजांचा वध करविला. रायगडास झुल्फिकारखानाचा वेढा पडला. गडावर दोन वारस होते : येसूबाईंचा पुत्र शाहू, जो सात वर्षांचाही नव्हता, आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. पोटच्या मुलासाठी हट्ट धरला असता तर त्यांना कोणी दोष दिला असता? परंतु राज्यास या घडीला लढणारा राजा हवा, हे त्यांनी ओळखले. राजारामांनी कारभार हाती घ्यावा, सर्वांनी एकाच गडावर अडकून राहू नये, राजारामांनी बाहेर पडून लढा चालू ठेवावा, असा सल्ला त्यांनी दिला. स्वतः मात्र मुलासह गडावरच राहिल्या.

राजाराम प्रतापगड, पन्हाळा अशा मार्गाने दूर जिंजीस पोचले. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला व मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. पण राजा मोकळा होता, म्हणून राज्य जिवंत राहिले. जिंजी १६९८ पर्यंत झुंजली.

या निर्णयाची किंमत पुढेही द्यावी लागली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहू सुटले, तेव्हा ताराबाईंनी आपल्या पुत्राचा हक्क पुढे केला आणि अखेर सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. येसूबाईंना तर ओलीस म्हणून मोगलांनी ठेवूनच घेतले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. कैदेत जवळजवळ तीस वर्षे गेली होती.

घरात असो वा मंडळात, मानाची खुर्ची दुसऱ्यास देऊन कामाचा भार स्वतः उचलणाऱ्या भगिनी आपण पाहतोच. वर्धापनदिनी त्यांची आठवण करताना येसूबाईंचेही स्मरण व्हावे.