गंगेवर जाऊन येते

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पाककृती, प्रवासवर्णने लिहिणाऱ्या हौशी भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मला शाळेत इतिहास शिकवण्यापलीकडे फारसे काही येत नाही. "मग इतिहासच लिहा, पण सनावळी नको," असे उलट उत्तर आले. सनावळीवाचून इतिहास म्हणजे मिठावाचून आमटी. तेव्हा वाचक भगिनींनी थोडी सनावळी गोड मानून घ्यावी, एवढीच विनंती.

विषय शोधायला लांब जावे लागले नाही. माझी आजी पंचवटीत राहात असे. दिवसातून दोनदा तरी तिचे एक वाक्य कानावर पडे, "गंगेवर जाऊन येते गं." नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा परगावचा. आपल्याला ती गंगा. काठावरचा बुधवारचा बाजार गंगेवरचा, घाट गंगाघाट, आणि खाली निफाड-कोपरगावाकडचा काळ्या मातीचा मुलूख तो गंगथडी. खऱ्या गंगेखालोखाल लांब नदी म्हणून हिचा देशात दुसरा क्रमांक लागतो, तेव्हा नाव अगदीच उसने नाही.

तिची एक गंमत मी मुलींना नकाशावर नेहमी दाखवीत असे. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते, तेथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ही पाठ फिरवते ती थेट पूर्वेला, आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत पैठण, जनाबाईंचे गंगाखेड, नांदेड, राजमहेंद्री. तिच्या काठी कोण कोण राहिले याची नुसती यादी केली तरी स्मरणिकेची पाने पुरायची नाहीत. म्हणून मी नाशकापुरते आणि त्यातही बहुतेक बायकांपुरतेच बोलणार आहे. याला कोणी पक्षपात म्हणेल, तर तो मान्य.

नाशिक किती जुने? नदीकाठची मातीची गढी आपण सर्वांनी पाहिली आहे. पावसाळा आला की तिच्या ढासळत्या कडांवरच्या घरांची बातमी वर्तमानपत्रात हमखास येते. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीच्या, तांबे आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरणाऱ्या लोकांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे नदीवरून पाणी आणण्याचे काम या गावात तीन हजार वर्षे तरी चालले आहे.

पण लिहिलेला इतिहास पाहायचा तर पांडवलेण्यांत जायला हवे. पांडवांचा तेथे काही संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरातली ही बौद्ध भिक्षूंची लेणी. दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली, तीही राजाच्या तिजोरीत किंवा देवळात नव्हे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना कापडाचा खर्च मिळायचा. हे गोवर्धन म्हणजे आपले गंगापूरजवळचे, गोदावरीकाठचेच. आपल्या मंडळाच्या भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनींना सांगते, दोन हजार वर्षांपूर्वी नाशकात मुदतठेव होती, आणि ती कोष्ट्यांवर विश्वास ठेवून केलेली होती.

त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिचाही लेख आहे. भिक्षूला राहण्याची एक खोली तिने दान केली. लेख छोटासा आहे, पण तो तिच्या स्वतःच्या नावाचा आहे.

आता जवळच्याच तिसऱ्या लेण्याकडे वळावे. तेथे गौतमी बलश्री या राजमातेचा लांबलचक लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेलेला, नातू पुळुमावी गादीवर, त्याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष. म्हातारी आजी लेणे दान करते आणि त्या निमित्ताने गेलेल्या मुलाचे गुणवर्णन दगडावर कोरवून घेते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते, आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही, असे त्यात आहे. त्याने क्षहरातांचे कूळ निखंदून काढले, असेही आहे. क्षहरात म्हणजे नहपानाचे कूळ, अर्थात दक्षमित्रेचे माहेर. माझ्या वाचनात तो लेख पुष्कळदा आला होता, परंतु दोन्ही लेण्यांत एकाच दिवशी उभी राहिले तेव्हा प्रथम ध्यानात आले की, एकीच्या माहेराचा नाश ही दुसरीची अभिमानाची गोष्ट, आणि दोघींची अक्षरे त्याच डोंगरात हाकेच्या अंतरावर आहेत. १९०६ साली गोदावरी-दारणेच्या संगमावर जोगलटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. लढाई कोणी जिंकली, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

या सातवाहनांच्या नावावरची हालाची गाथासप्तशती हवी तर कोणी अवश्य वाचावी. गोदेचे काठ तिच्यात पुनःपुन्हा येतात आणि बोलणाऱ्या बहुधा बायकाच असतात. सुनांना वाचायला द्यावी की नाही, हे ज्या त्या सासूने ठरवावे.

असो. मधली हजार-पंधराशे वर्षे मी ओलांडते आणि पेशवाईत येते. रामकुंड १६९६ साली बांधले गेले, पुढे गोपिकाबाईंनी ते दुरुस्त केले. या गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांची पत्नी. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला, पाठोपाठ नवरा गेला. दुसरा मुलगा माधवराव. त्याच्याशी त्यांचे पटले नाही, म्हणून पुणे सोडून त्या गंगापुरास येऊन राहिल्या. १७७२ मध्ये तोही क्षयाने गेला. तिसरा नारायणराव, त्याचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. तीन मुलगे होते, एकही उरला नाही. नातू सवाई माधवराव याने रोज कसे वागावे, काय शिकावे, हे त्यांनी त्याला पत्रातून कळवलेले आहे. त्या पत्रातली शिस्त वाचून काही जण त्यांना कठोर म्हणतात. मला ती बाई कठोरापेक्षा घाबरलेली वाटते. शेवटचा दिवा होता तो.

आणि ज्यांच्या नावावर नारायणरावाच्या खुनाचा 'ध चा मा' चिकटला त्या आनंदीबाई कोठे होत्या? याच नदीवर. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावी वारले, आनंदीबाई मुलांसह तेथेच काही वर्षे देखरेखीखाली राहिल्या. गोपिकाबाई १७८८ मध्ये नाशकात वारल्या. म्हणजे निदान पाच वर्षे या दोघी एकाच गंगेवर होत्या. वर गोपिकाबाईंच्या घाटावरून गेलेले पाणी दोन-चार दिवसांत कोपरगावच्या घाटाला लागत असेल. पुढे आनंदीबाईंना आनंदवल्लीस आणले, तेथेच १७९४ साली त्यांचा अंत झाला. आनंदवल्ली आणि गंगापूर यांतले अंतर आज बसने काही मिनिटांचे आहे. 'ध चा मा' खरा की खोटा, याचा निकाल मी देणार नाही. शाळेत मुली मात्र हा एकच प्रश्न विचारीत, आणि गोपिकाबाईंविषयी कोणी काही विचारीत नसे.

नदी शांत असते तोवर तिचे कौतुक. पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला, गळ्याला. हे आपले मोजमाप. सरकारी आकडे नंतर येतात. नारोशंकराच्या देवळाची घंटाही तशीच. १७२१ सालची ही पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयानंतर इकडे आली. पाणी तिच्यापर्यंत चढले म्हणजे महापूर. १८७२ मध्ये आला, १९६९ मध्ये आला, २००८ आणि २०१९ मध्येही पाण्याने सराफ बाजार पाहिला. १९६९ चा मी स्वतः पाहिला. शाळा बंद होती. आम्ही माडीवर बसलो होतो, आणि मारुती दिसेनासा झाल्याचे कोणी तरी येऊन सांगितले. त्या रात्री आजीने मला एक गोष्ट सांगितली, ती येथे लिहावी की नाही याचा मी फार दिवस विचार केला.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात हजारोंची मिरवणूक निघाली. पुढची धुरा दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांशी बसली, त्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. दरवाजे बंद. रामकुंडही त्यांना बंदच होते. लढा पाचेक वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्यास, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

आजी त्या वेळी अठरा वर्षांची, नवी सून. सकाळी गंगेवरून भरलेली कळशी घेऊन ती घरी निघाली होती. वाटेत दरवाजाकडे बसलेल्या बायकांपैकी एकीच्या मांडीवर लहान मूल होते. तिने मागितले नाही, नुसते कळशीकडे पाहिले. आजीबरोबर तिच्या सासूबाई होत्या. "मी थांबले नाही," आजी म्हणाली. "पाणी गंगेचंच होतं. माझं कुठं होतं?" एवढे बोलून ती उठून पूर पाहायला गज्जीत गेली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही आणि मीही विचारले नाही. आता वाटते, विचारायला हवे होते.

तिच्या अस्थी रामकुंडावर विसर्जित करताना उपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही काढली. पाच पिढ्यांच्या पुरुषांची नावे, गाव, आल्याची तिथी, सारे मोडीत नीट लिहिलेले. आजी मात्र 'अमक्याची पत्नी' एवढीच. मी म्हटले, "गुरुजी, नाव घालता का?" त्यांनी चष्मा नीट केला आणि विचारले, "माहेरचं की सासरचं?" मी दोन्ही सांगितली. त्यांनी दोन्ही लिहिली. भला माणूस.

आता नळ आले आणि गंगेवर जाण्याची गरज संपली. इंग्रजी अमदानीत नांदूर मध्यमेश्वरला बंधारा झाला, त्याच्या कालव्यांनी गंगथडीत ऊस आला, आणि बंधाऱ्यामागच्या गाळात पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. माणसाने उसासाठी अडवलेले पाणी बदकांनी आपले मानले. १९६५ मध्ये गंगापूर धरण झाले. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणास जायकवाडीची कोनशिला बसली. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट टाकले गेले. नदीला स्वतःचे झरे असतात, हे विसरून. पुढे काही ठिकाणचे काढले, काही आहे. आता पुन्हा सिंहस्थ आला आहे, तेव्हा स्त्रियांनी हा विषय लावून धरावा असे मला वाटते. निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून भिरकावण्याचे आधी बंद करून.

आणि एक वाद दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पेटतो. पाणी वाटपाच्या नियमाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचे. नाशकात मोर्चे निघतात, "आमचे पाणी" अशा पाट्या लागतात. द्राक्षबागा आहेत, शहर वाढते आहे, काळजी खोटी नाही. मराठवाड्यात टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायकाही खोट्या नाहीत.

माझ्या धाकट्या मुलीचे सासर पैठणचे. मागे एका दुष्काळी वर्षी रात्री विहीणबाईंचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर त्यांनी जरा संकोचानेच विचारले, "अहो, तुमच्याकडनं सोडलंय म्हणतात. खरंय का?"

"खरंय. सोमेश्वरचा धबधबा आज संध्याकाळी मोठा झालेला मी स्वतः पाहिला," मी म्हटले.

"मग पोचेल म्हणायचं."

"वाटेत पात्र कोरडं आहे, बरंच जिरेल. पण पोचेल."

पुढे काही दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. पाणी आले होते, गढूळ होते.