शेवाळ : माशांची ढाल

इगतपुरी तालुक्यांत कुलंगच्या डोंगरापाशीं दारणा नदी उगम पावते. १९१६ सालीं धरणानें अडविलेली ही नदी पुढें गोदावरीस मिळते. नदीच्या खडकांवरील शेवाळास आपण निसरडें म्हणून नांवें ठेवतों. माशांना मात्र तें अन्न होय. या उपेक्षित वस्तूचा इतिहास मोठा आहे.

सोळाव्या शतकांत मेक्सिकोंत गेलेल्या स्पॅनिश लोकांनीं पाहिलें कीं, तेथील रहिवासी टेक्सकोको सरोवरावरील हिरवी साय जाळ्यानें काढून, वाळवून तिच्या वड्या खातात. आफ्रिकेंत चाड सरोवराच्या कांठींहि अशाच वड्या खाण्याची चाल आहे. या वड्या स्पायरुलिना नामक सूक्ष्म शेवाळाच्या. आपल्या लोणारच्या क्षारयुक्त सरोवरांतहि ती आढळते.

विसाव्या शतकांत या इतिहासास निराळें वळण लागलें. जपानांत कामिओका खाणीचें कॅडमियम जिंझू नदींत उतरलें, नदीचें पाणी भातशेतींत गेलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ झालीं. १९६८ सालीं तेथील सरकारनें हें कारण मान्य केलें. धातु कुजून नाहींसा होत नाहीं. माशाच्या कल्ल्यांतून व अन्नांतून शिरून तो यकृतांत आणि मूत्रपिंडांत सांचतो. शरीर स्वस्थ बसत नाहीं. धातूस जखडून ठेवणारें एक प्रथिन १९५७ सालीं घोड्याच्या मूत्रपिंडांत सांपडलें, तसेंच माशांतहि असतें. परंतु विष वाढलें कीं हा पहारा अपुरा पडतो.

म्हणून शास्त्रज्ञांनीं तिलापियासारख्या गोड्या पाण्यांतील माशांच्या खाद्यांत स्पायरुलिना मिसळून पाहिली. यकृताची इजा कमी झाली. कित्येक प्रयोगांत सांचलेला धातुहि कमी भरला. तिच्यांतील निळें रंगद्रव्य व कॅरोटीन धातूमुळें पेशींत निर्माण होणाऱ्या दाहक द्रव्यांस शमवितात.

परंतु शेवाळ धातु शोषून घेतें, हा त्याचा गुण तसाच दोषहि आहे. दूषित पाण्यांत वाढलेलें शेवाळ स्वतःच विषाची पुडी बनतें. शिवाय तळ्यांतील पाळीव माशास असें खाद्य घालतां येईल. नदींतील मोकळ्या माशास तें कोण घालणार? ढाल हातीं आली म्हणून बाण सोडीत राहणें शहाणपणाचें नव्हे. नदीचें उगमाचें निर्मळपण संगमापर्यंत राखणें, हेंच माशाचें आणि त्याला ताटांत घेणाऱ्या घराचें खरें संरक्षण होय.