एका उताऱ्याची कुळकथा

मराठीत ‘उतारा’ हा शब्द तीन ठिकाणी वावरतो. तलाठ्याच्या दप्तरातून मिळतो तो जमिनीचा उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तो उतारा, आणि विषावर देतात तोही उताराच. येथे लिहावयाचे आहे ते तिसऱ्या जातीच्या एका औषधाविषयी. परंतु त्याची हकीकत जुळवू लागले म्हणजे तलाठ्याच्या उताऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही, कारण कोणते द्रव्य कोणाच्या हातून कोणाकडे गेले आणि पहिल्या धन्याने ते कोणत्या कामासाठी बाळगले होते, याच्या नोंदी येथेही एकीखाली एक लागलेल्या आहेत. या औषधाचे नाव एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृताचा जो घात होतो, त्यावरचा तो उतारा होय.

विषाचे कूळ आधी सांगितले पाहिजे. १८८६ साली स्ट्रासबुर्ग येथे कान आणि हेप्प हे दोन डॉक्टर जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत असता औषधशाळेच्या चुकीने त्यांच्या हाती अ‍ॅसिटॅनिलाइड आले, रोग्याचा ताप त्याने अनपेक्षितपणे उतरला, आणि त्या चुकीच्या पोटी एक नवे ज्वरहर औषध जन्मास आले. त्याने रोग्याचे ओठ व नखे निळी पडत, म्हणून त्याच्या भाऊबंदांचा शोध सुरू झाला. पॅरासिटॅमॉल हे त्यांतलेच एक. परंतु १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी त्याच्यावरही तोच दोष ठेवला, आणि त्या एका शेऱ्यामुळे हे निरपराध द्रव्य सुमारे अर्धशतक अडगळीत पडून राहिले. १९४८ साली न्यूयॉर्क येथे बर्नार्ड ब्रोडी व ज्यूलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की, अ‍ॅसिटॅनिलाइडचे शरीरात गेल्यावर बहुतांशी पॅरासिटॅमॉलच होते व गुण येतो तो त्याचाच. रक्त बिघडवणारी शाखा निराळी, ती अ‍ॅनिलीनची. दोषमुक्त झालेले हे औषध १९५५ मध्ये अमेरिकेत आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले, आणि पाहता पाहता घरोघरच्या फडताळात जाऊन बसले.

पुढे दहाच वर्षांनी, १९६६ साली, डेव्हिडसन व ईस्टहॅम यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अतिमात्रेनंतर यकृताच्या पेशी मृत झालेल्या रोग्यांची कैफियत प्रसिद्ध केली. नेमल्या मात्रेत इतके सौम्य असणारे औषध मर्यादा ओलांडताच यकृताचा असा नाश का करते, याचा उलगडा होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेरी मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले की, पॅरासिटॅमॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर धाडते, पण त्याचा एक लहानसा अंश यकृताच्याच विकरांच्या हातून एका जहाल द्रव्यात रूपांतरित होतो. यकृताच्या खजिन्यात ग्लुटाथायोन नावाचे गंधकयुक्त द्रव्य शिलकी असते. ते त्या जहाल अंशाला गाठून त्याची वाट लावते. औषध प्रमाणाबाहेर गेले की खजिना रिता होतो, आणि ज्याला कोणी अडवीत नाही असे ते द्रव्य पेशींच्या प्रथिनांनाच जाऊन चिकटते. म्हणजे विष बाहेरून आले असे म्हणणेही पुरतेपणी खरे नव्हे. ते यकृताने आपल्याच चुलीवर रांधलेले असते.

या प्रयोगांवरील निबंधांच्या लेखकांत ब्रोडी यांचे नाव आहे. ज्या हाताने या औषधाला विजनवासातून परत आणले, त्याच हाताने पाव शतकानंतर त्याचा अपराध उघड करण्यास साहाय्य केले. वैद्यकाच्या इतिहासात मला याहून आदरणीय वाटणारे प्रसंग थोडे आहेत.

रोग कळला तसा उपायही सुचला. ग्लुटाथायोन स्वतः पेशीत सहजी शिरत नाही. तेव्हा त्याचा कच्चा माल पुरवला पाहिजे. एडिंबरो येथे लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७४ मध्ये सिस्टिअमीन वापरले. यकृत वाचले, पण मळमळ व ओकाऱ्यांनी रोगी हैराण होत. मग दृष्टी गेली ती एका जुन्याच औषधाकडे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन तोपर्यंत फुप्फुसांच्या चाकरीत होते. त्यातील गंधक चिकट कफातले बंध तोडून तो पातळ करते, म्हणून ते रोग्यांना हुंगवीत. तेच गंधक यकृताच्या रित्या खजिन्यात भर घालू शकेल, हे ताडून प्रेस्कॉट यांनी ते शिरेतून दिले, आणि कफाच्या घराण्यातील हे औषध १९७७ साली यकृताच्या घरी दत्तक गेले.

१९७९ मध्ये त्यांनी शंभर रोग्यांचा दाखला मांडला. दहा तासांच्या आत उपचार झालेल्या ६२ जणांपैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली. दहा ते चोवीस तासांनी उपचार मिळालेल्या ३८ जणांपैकी २० जणांना ती झाली. औषध तेच, रोग तोच; अंतर पडले ते केवळ तासांचे. पुढे आठ तासांची मुदत सर्वांत भरवशाची ठरली; तथापि उशीर झाला तरी ते देतातच, कारण तेव्हाही त्याचा काही उपयोग होतो.

इतर कारणांनी यकृत एकाएकी निकामी झालेल्यांवरही ते वापरून पाहिले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, शुद्ध हरपण्याच्या पहिल्या पायऱ्यांवर असलेल्या रोग्यांपैकी प्रत्यारोपणावाचून वाचलेल्यांचे प्रमाण या औषधाने शेकडा ५२ निघाले, आणि त्याच्याविना ३०. ज्या देशात दात्याचे यकृत वेळेवर लाभणे दुर्घट आहे, तेथे या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता वाचकांना एक विनंती. अतिमात्रेनंतर पहिला दिवस रोग्याला बहुधा बरेच वाटते. कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी, आणि तोवर ती मोलाची मुदत टळून गेलेली असते. लहान मुलाने अजाणता, मोठ्याने चुकून किंवा एखाद्या खचलेल्या जिवाने मुद्दाम या गोळ्या जादा घेतल्याचे कळले, तर त्याला रागे भरू नका, लक्षणांची वाट पाहू नका, घरगुती काढे देत बसू नका. गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर घ्या आणि त्याच घटकेला त्याला मोठ्या रुग्णालयात न्या.