साध्या खिशाची, खोल पाण्याची बोट

२००६ सालच्या गणपतीत, आरती झाल्यावर आणि प्रसादाच्या रांगेत उभं असताना, आम्ही चौघांनी बोट घ्यायचं ठरवलं. चौघांत एक डोंबिवलीचा, एक पुण्याचा, एक नागपूरचा (ह्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत) आणि मी. माझं आजोळ हर्णैचं, एवढ्या भांडवलावर मला ‘तांडेल’ ठरवण्यात आलं. प्रत्येकी ३,००० डॉलर, म्हणजे एकूण १२,०००. घरच्यांच्या अटी दोन होत्या. पहिली, ह्यापुढे एक पैसाही मागायचा नाही. दुसरी, मुलं बोटीवर जाणार असतील तर ती बुडता कामा नये.

पहिली अट आम्ही मोडली, ते पुढे येईलच. दुसऱ्या अटीसाठी मात्र मी त्या हिवाळ्यात बरंच वाचन केलं. तेव्हा लक्षात आलं की बारा हजार डॉलरमध्ये चार नोकरदार माणसं अटलांटिकमध्ये वीस मैल आत जाऊन मासे पकडू शकतात, ही गोष्ट मुळीच साधी नाही. ती शक्य होण्यामागे सुमारे शंभर वर्षांची खटपट आहे. त्या खटपटीची ही हकीगत.

आपल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासूनच सुरुवात करू. इथे एकोणिसाव्या शतकात बंदरं कमी आणि वाळूचे किनारे लांबच लांब. त्यामुळे कोळ्यांनी सपाट, अरुंद तळाची, बाजूंना गोलाई असलेली एक होडी घडवली. तिचं नाव सी ब्राइट स्किफ, सी ब्राइट ह्या गावावरून. ती थेट वाळूवरून लाटांत ढकलायची आणि मासे घेऊन लाटांवरूनच परत वाळूवर आणायची. आपल्याकडे किनाऱ्यावर होडी ओढताना जसा सगळा वाडा गोळा होतो, तसंच इथेही होत असणार. पुढे दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) ह्याच स्किफमध्ये मोठी इंजिनं बसवून लोकांनी समुद्रात उभ्या जहाजांवरून दारू आणली. लाकडी स्किफ बांधणारे कारागीर अगदी अलीकडेपर्यंत होते. लाव्हॅलेटच्या चार्ल्स हॅंकिन्स ह्यांना त्यासाठी १९९३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा लोककला सन्मान मिळाला.

पण लाकडी बोट म्हणजे दारात बांधलेली गाय. रोज बघावं लागतं. दरवर्षी खरवडणं, फटी भरणं, रंग. कोळ्याचं पोट तिच्यावर असतं म्हणून तो ते करतो. शनिवार-रविवारच्या हौशी माणसाला ते जमत नाही, आणि पगारी माणसं लावली तर परवडत नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापर्यंत समुद्रात आत जाऊन हौसेने मासेमारी करणं हा श्रीमंतांचा खेळ होता. इतरांनी धक्क्यावरून गळ टाकावा, नाहीतर तिकीट काढून पन्नास जणांच्या बोटीत उभं राहावं.

हे बदललं तीन गोष्टींनी: यंत्र, फायबर आणि तळाचा आकार.

यंत्राची गोष्ट आपल्यासारख्याच एका स्थलांतरिताची आहे. ओले एव्हिनरूड लहानपणी नॉर्वेहून विस्कॉन्सिनला आला. तळ्याकाठच्या सहलीत भावी पत्नी बेस हिला आइस्क्रीम हवं झालं, हा ते आणायला वल्हवत गेला, आणि परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, १९०९ मध्ये त्याने बोटीच्या मागे अडकवायचं यंत्र विकायला काढलं. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पत्रव्यवहार आणि जाहिराती बेस सांभाळत असे. मागे टांगलेलं इंजिन म्हणजे बिघडलं तर काढून दुसरं लावता येतं. जुनी बोट घेणाऱ्याला ह्याचं मोल फार.

फायबरचा, म्हणजे काचेच्या धाग्यांचा आणि रेझिनचा, बोटींसाठी उपयोग चाळिशीच्या दशकात सुरू झाला. एकदा साचा केला की त्यातून एकामागून एक तळ काढायचे, मोदकाच्या साच्यासारखे. लाकडाचा कारागीर लागत नाही. पण लोकांचा विश्वास बसेना: काच आणि समुद्रात? तो विश्वास बसवला मॅसॅच्युसेट्सच्या डिक फिशरने. हा हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेला माणूस. रे हंट ह्या रचनाकाराबरोबर त्याने १९५८ मध्ये ‘बॉस्टन व्हेलर’ आणली, तेरा फुटांच्या थोडी वर. दोन फायबरच्या कवचांमध्ये फोम भरलेला, त्यामुळे पाणी भरलं तरी ती तरंगणारच. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात छायाचित्रं आली: फिशरसाहेब टोपी-टाय घालून बोटीत बसले आहेत, बोट मधोमध करवतीने कापली जाते आहे, आणि मग ते मागचा अर्धा भाग चालवत निघून जातात. हे चित्र मी घरी दाखवलं. ‘मग हीच घ्या,’ असं उत्तर आलं. पण तेरा फुटांत चार मराठी माणसं, त्यांचे डबे आणि थर्मास मावत नाहीत.

आता तळ. माझ्या मते खरी क्रांती इथे झाली. सपाट तळाची बोट वेगात लाटेवर आपटते. पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. ह्याच रे हंटने तळ व्ही आकाराचा केला आणि तो उतार नाळेपासून थेट मागपर्यंत जवळजवळ तसाच ठेवला, सुमारे २४ अंश. आधीच्या बोटी पुढे टोकदार आणि मागे सपाट असत. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिकाज कपच्या वेळी डिक बर्ट्रम ह्या बोटविक्रेत्याने हंटची २३ फुटी बोट खवळलेल्या पाण्यातून सहज जाताना पाहिली आणि स्वतःसाठी ३० फुटी बांधून घेतली. तिला बायकोचं लाडाचं नाव दिलं, ‘मॉपी’. एप्रिल १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत वादळी समुद्रात झाली. मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी आली तीही हंटच्याच रचनेची, सुमारे दोन तासांनी. तिसरी दुसऱ्या दिवशी! पुढच्याच वर्षी मॉपीवरून काढलेली बर्ट्रम ३१ बाजारात आली.

हंटला ह्या तळासाठी पेटंटचं संरक्षण मिळू शकलं नाही. त्याच्यावर अन्याय झाला असं वाटतं खरं, पण आपल्यासारख्यांचं त्यातच भलं झालं. प्रत्येक कारखान्याने हा तळ उचलला, थोडा कमी-जास्त केला आणि स्वस्त केला. फ्लोरिडात कार्ल मोझलीने सीक्राफ्ट बोटी काढल्या. चालवायची जागा मधोमध आणि चारी बाजूंनी फिरायला मोकळं, ह्या ‘सेंटर कन्सोल’ पद्धतीचं श्रेय पुष्कळजण त्यालाच देतात. मासा लागला की गळ घेऊन बोटीभोवती प्रदक्षिणा घालता यावी, हा त्यातला हेतू. त्याच सुमारास मायामीत मेको आली, नॉर्थ कॅरोलायनात ग्रेडी-व्हाइट उभी राहिली. वीस ते सव्वीस फुटांची, मागे इंजिन टांगलेली, गाडीमागे ट्रेलरवर ओढता येणारी बोट हा प्रकार इथे रुळला. रस्त्यावर परवान्याशिवाय नेता येणारी रुंदी साडेआठ फूट, म्हणून असंख्य बोटी बरोबर तेवढ्याच रुंद असतात. समुद्रात जाणाऱ्या वस्तूचं माप हायवेने ठरवलं, ही मला मोठी गंमत वाटते.

सोळा अंशांचा तळ उभ्या बोटीत कमी डुलतो आणि पेट्रोल कमी खातो. चोवीस अंशांचा लाट कापतो, पण थांबलं की पाळण्यासारखा हलतो आणि ताकद जास्त मागतो. नागपूरकरांची मळमळ लक्षात घेऊन आम्ही मधला, वीसच्या आसपासचा शोधायचं ठरवलं.

आता ती ‘बुडता कामा नये’ची अट. १९७१ मध्ये अमेरिकेत बोटींच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा झाला. त्याखालच्या १९७८ च्या नियमांनी, मागे इंजिन असलेली छोटी बोट पाण्याने भरली तरी आडवी-उलटी न होता तरंगली पाहिजे असं बंधन घातलं. पण हे फक्त २० फुटांखालच्या बोटींना. म्हणजे माणूस जिच्यातून जास्त आत जातो, त्या २३ फुटी बोटीला हे बंधन नाही! कारखान्याने आपणहून फोम भरला असेल तर ठीक. हे मला माहीत नव्हतं, आणि जुनी बोट बघायला जाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

त्याच कायद्यामुळे १९७२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक बोटीच्या मागच्या भिंतीवर उजवीकडे बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेलचं वर्ष. आम्ही पाहिलेली पहिली बोट २५ फुटी, चकचकीत, ९,५०० डॉलर. मालक म्हणाला १९८९ ची. क्रमांकाच्या शेवटी होते ८६. विचारल्यावर त्याला अचानक फोन आला.

तरीही मोह सुटेना, म्हणून ३५० डॉलर देऊन तपासनीस आणला. त्याने काही यंत्र काढायच्या आधी खिशातून प्लॅस्टिकची हातोडी काढली आणि ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीवर, ठोकत गेला. वर ठक-ठक आवाज येत होता. खाली आल्यावर थप-थप. त्या काळच्या बहुतेक फायबर बोटींच्या पोटात प्लायवूडच असे. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी शिरतं आणि आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं होतं. बाहेरून फायबर तसंच चकाकत राहतं. दोनशे अश्वशक्तीचं इंजिन त्या पावावर टांगलेलं. ‘वीस मैल आत ही भिंत सुटली तर?’ असं पुण्याने विचारलं. तपासनीस काही बोलला नाही, हातोडी खिशात ठेवली. बिनलाकडाच्या बांधणीकडे अनेक कारखाने नव्वदच्या दशकात वळले, पण त्या बोटी आमच्या बजेटबाहेर होत्या.

ह्या धंद्याने वाईट दिवसही पाहिले. १९९१ पासून एक लाख डॉलरच्या वरच्या बोटींना, वरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर लागला. श्रीमंतांनी बोटी घेणं थांबवलं आणि नोकऱ्या गेल्या कारागिरांच्या. १९९३ मध्ये तो कर रद्द झाला. आणि आम्ही खरेदीला निघालो त्याच २००६ मध्ये इथल्या पेट्रोलमध्ये सर्रास इथेनॉल आलं. जुन्या बर्ट्रमसारख्या बोटींतल्या फायबरच्या टाक्यांचं रेझिन त्यात विरघळून इंजिनात जाऊ लागलं. टाकी कशाची आहे, हा प्रश्न आमच्या यादीत वर गेला.

अखेर २००७ च्या मार्चमध्ये १९९० ची २३ फुटी बोट मिळाली. टाकी ॲल्युमिनियमची, १२० गॅलनची, ट्रान्सम ठक-ठक. ट्रेलरसकट ११,०००. उरलेले हजार डॉलर जीवरक्षक जॅकेटं, व्हीएचएफ रेडिओ आणि होकायंत्रातच संपले. जुलैत पाण्याचा पंप गेला आणि घरची पहिली अट मोडली.

हडसन कॅनियनला जाऊन कुपा, म्हणजे आपला ट्यूना, मारायचं स्वप्न मात्र कागदावरच मिटलं. तिथपर्यंत आमच्या धक्क्यापासून साधारण ८० मैल. जाऊन येऊन १६०. गॅलनला दीड मैल धरला तर १०७ गॅलन. इथले जुने लोक सांगतात, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. म्हणजे १६० गॅलन हवेत. टाकी १२० ची. डोंबिवली म्हणाला, कॅन घेऊन जाऊ. मी तांडेलकीचा अधिकार तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा वापरला.

बोटीबरोबर जुन्या मालकाने एक तेलकट वही दिली होती. पानोपानी पाच आकडी संख्यांच्या जोड्या, पुढे ‘बास’, ‘फ्लूक’, कुठे नुसतीच फुली. हे लोरॅनचे आकडे. जीपीएसच्या आधी किनाऱ्यावरच्या रेडिओ मनोऱ्यांच्या संकेतांवरून जागा ठरवत, ती पद्धत. मे २००० मध्ये नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक सरकारने काढून टाकली आणि हाताएवढ्या यंत्राने बुडालेलं जहाज शोधणं सोपं झालं. लोरॅन फेब्रुवारी २०१० मध्ये बंदच झालं. नागपूरकर संगणकवाले. त्यांनी दोन रात्री बसून वहीतल्या सगळ्या जोड्या अक्षांश-रेखांशांत बदलून दिल्या.

निम्म्या जागांवर नुसती वाळू निघाली. एका फुलीच्या जागी, किनाऱ्यापासून अकरा मैलांवर, तळाच्या सपाट रेषेतून पडद्यावर एकदम काहीतरी उभं राहिलं. कदाचित जुनं जहाज असेल, कदाचित आणखी काही. ह्याच किनाऱ्यावर २००३ मध्ये न्यू यॉर्क सबवेचे जुने लाल डबेसुद्धा माशांना घर म्हणून बुडवले आहेत. नागपूरकरांनी मळमळ विसरून गळ सोडला, आणि पहिला ब्लॅक सी बास त्यांनाच लागला. संध्याकाळी माझ्याकडे त्याचं आगळ घालून कालवण झालं. काटे काढून द्यावे लागले, पण तीन वाट्या प्याले.