पांढऱ्या मातीची कुळकथा

‘चिनी मातीची बरणी’ म्हणताना आपण त्या मातीचं माहेर सांगत असतो. केओलिन हे तिचं शास्त्रातलं नावही चिनीच आहे. जिंगडेझेन या कुंभारांच्या नगरीजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, त्यावरून ते पडलं. फ्रेंच जेझुइट पाद्री दाँत्रकोल याने तिथली भांडी घडवण्याची कृती १७१२ साली पत्रातून युरोपला कळवली. भट्टीत वितळणारी दगडाची पूड आणि न वितळता आकार धरून ठेवणारी ही माती, अशी त्यातली जोडी.

इंग्लंडमधल्या प्लिमथचा औषधविक्रेता विल्यम कुकवर्दी याला ही कृती ठाऊक होती. १७४६च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या ट्रेगॉनिंग टेकडीवर त्याला तशीच माती दिसली. ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार कुजून ती तयार झाली होती. पुढे सेंट ऑस्टेलजवळ आणखी चांगली माती मिळाली. तरी पोर्सेलिनचं पेटंट हाती यायला १७६८ साल उजाडलं. मधली वीस-बावीस वर्षं सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते खरी कथा तिथेच आहे, कारण माती सापडली म्हणजे खाण झाली असं होत नाही.

पेटंट पुढे रिचर्ड चॅम्पियनकडे गेलं. त्याने १७७५ साली मुदतवाढ मागितली, तेव्हा जोसाया वेजवुड आणि स्टॅफर्डशरचे कुंभार विरोधात उभे राहिले. अपारदर्शक भांड्यांसाठी ही माती वापरण्याची मुभा त्यांनी मिळवली आणि गिऱ्हाईक एकाचं अनेक झालं.

ही माती काढण्याची जुनी रीत मला फार आवडते. खाणीच्या उतारावर पाणी सोडायचं. दुधासारखा गढूळ ओघ खाली येतो. जड वाळू आधी बसते, मग उथळ चरांमधून संथ जाताना अभ्रक बसतो, आणि सर्वांत बारीक माती शेवटच्या हौदात निवळते. ती वाळवली की माल तयार. वजनाचा फरक ओळखून पाण्याकडूनच निवड करून घेणारी ही बुद्धी खाणकामगारांची. पेटंटावर तिचं नाव नाही. एकोणिसाव्या शतकात कागद गुळगुळीत करायलाही हीच माती लागू लागली.

पण एक टन मातीमागे सुमारे नऊ टन टाकाऊ माल निघतो. सेंट ऑस्टेलभोवती त्याचे पांढरे डोंगर उभे राहिले. लोक त्यांना ‘कॉर्निश आल्प्स’ म्हणतात. बोडेल्वाच्या रिकाम्या खाणीत २००१ साली ‘ईडन प्रोजेक्ट’ हे वनस्पतीउद्यान सुरू झालं. तिथे झाडं लावण्याआधी माती कृत्रिमरीत्या तयार करावी लागली.