ऑईल इंजिन : एक शब्द आणि एक आवाज

निफाड तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका गावी माझे आजोळ होते. त्या गावात 'इंजिन' हा शब्द रेल्वेसाठी कोणी वापरीत नसे. रेल्वे ती 'गाडी'. इंजिन म्हणजे विहिरीवरचे. 'इंजिन चालू झालं का?', 'आज इंजिन कोणाच्या पाळीला?' ही रोजच्या बोलण्यातली वाक्ये. पूर्ण नाव घ्यायची वेळ आली, म्हणजे कर्जाचा अर्ज भरताना किंवा वाटणीच्या कागदावर, तर ते 'ऑईल इंजिन' असे लिहिले जाई. 'डिझेल इंजिन' असे म्हटलेले मला त्या गावात ऐकल्याचे आठवत नाही. डिझेल हे डब्यात आणायचे तेल होते, यंत्राचे नाव नव्हे.

लहानपणी यात काही विचार करण्यासारखे आहे असे वाटले नाही. पुढे भाषेचा अभ्यास करताना 'ऑईल इंजिन' या जोडशब्दापाशी थांबावे लागले. आजच्या मराठीत 'ऑईल' म्हणजे यंत्रात घालायचे वंगण. गाडीचे 'ऑईल बदलतात'. मग वंगण तर प्रत्येकच यंत्राला लागते, ते याच्याच नावात का यावे? उत्तर शोधू गेल्यास एक विस्मृतीत गेलेला वाद हाती लागतो.

हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज तंत्रज्ञाने जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट १८९० मध्ये घेतले. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने त्याचे हक्क मिळवून १८९२ पासून ती इंजिने बाजारात आणली, ती 'हॉर्न्सबी-ॲक्रॉइड ऑईल इंजिन' या नावाने. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पेटंट त्यानंतरचे, आणि त्याचे यशस्वी इंजिन आउग्सबर्ग येथे चालले ते १८९७ मध्ये. दोघांच्या कल्पनांत फरक होता. ॲक्रॉइड स्टुअर्टच्या इंजिनात एक धातूचा गोळा आधी दिव्याने तापवावा लागे, आणि त्याच्या उष्णतेवर तेल पेटे. डिझेलने हवाच इतकी दाबली की त्या दाबाने निर्माण झालेल्या उष्णतेत इंधन आपोआप पेटावे. मात्र डिझेलच्या मूळ यंत्रात इंधन आत फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा सरंजाम लागे. ॲक्रॉइड स्टुअर्टचे इंजिन साध्या पंपाने तेल आत ढकलीत असे. पुढे जे इंजिन जगभर पसरले, त्यात दाबाने पेटण्याची कल्पना डिझेलची आणि पंपाने तेल सोडण्याची रीत ॲक्रॉइड स्टुअर्टच्या वळणाची होती. जगाने नाव मात्र एकाचेच ठेवले. इंग्रज कारखानदारांना ते रुचणे शक्य नव्हते. ते आपल्या मालाला दीर्घकाळ 'ऑईल इंजिन' म्हणत राहिले. आमच्या गावच्या विहिरीवरचा शब्द त्या हट्टातून आलेला आहे.

तो इथवर आला कसा, याचाही माग लागतो. हॉर्न्सबी कंपनी १९१८ मध्ये लिंकनच्या रस्टन कंपनीत मिसळली आणि 'रस्टन अँड हॉर्न्सबी' हे नाव आपल्याकडच्या गिरण्या, छापखाने, जिनिंग कारखाने आणि मोठे बागायतदार यांच्या परिचयाचे झाले. डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचे उभे, एका नळकांड्याचे, दोन जड चाकांचे इंजिन १९३० च्या सुमारास निघाले. त्याच्या नावातील 'सीएस' ही अक्षरे 'थंड असताना सुरू होणारे' अशा अर्थाची होती. दिव्याने गोळा तापवण्याची कटकट संपल्याची ती जाहिरातच होती. पीटर कंपनीचे आटोपशीर इंजिन नंतर आले. या दोन्हींच्या नकला पुढे राजकोट आणि आग्रा येथील लहान कारखान्यांत इतक्या झाल्या की 'लिस्टर' आणि 'पीटर' ही कंपन्यांची नावे न राहता इंजिनांच्या जाती होऊन बसल्या.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन तयार होऊ लागले होते. हे कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान असलेलेच. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला शंतनुराव किर्लोस्करांनी इंग्रज सहकार्याने नवी कंपनी काढली आणि तिचे नावच 'किर्लोस्कर ऑईल इंजिन्स' ठेवले. साहित्याच्या विद्यार्थ्याला 'किर्लोस्कर' म्हटले की मासिक आठवते : १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालेले, 'स्त्री' आणि 'मनोहर' यांचे थोरले भावंड. माझ्या मामांनी ते मासिक कधी उघडले नसावे, पण ते नाव त्यांच्या विहिरीवर ओतीव अक्षरांत होते. एकाच नावाचे दोन वाचक एकमेकांना अनोळखी राहिले, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासाबद्दल बरेच काही सांगते.

लिस्टर जातीच्या जुन्या इंजिनाचे चाक मिनिटाला साडेसहाशे फेरे घेई. चार टप्प्यांच्या चक्रामुळे दर दोन फेऱ्यांना एकदा तेल पेटे. म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके, सेकंदाला पाचाहून किंचित अधिक. हा वेग असा की कानाला ठोका वेगळा ऐकू येतो आणि तरीही त्यांची माळ तुटत नाही. आजच्या इंजिनाची घरघर ऐकणाऱ्याला हे कळायचे नाही. रात्रीच्या वेळी शिवारात चार-पाच इंजिने चालू असत, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मामा सांगत की हे कोणाचे, ते कोणाचे. एकदा जेवताना घास हातात धरून ते थांबले आणि म्हणाले, "पाणी तुटलं." विहिरीतली पातळी 'फुटबॉल'च्या खाली गेली होती. (फूटव्हॉल्व्ह या शब्दाचे आमच्याकडे हेच रूप रूढ आहे.) पंपावरचा भार उतरला की इंजिन तेल कमी घेते आणि ठोका पोकळ होतो. अर्ध्या मैलावरून तो पोकळपणा त्यांना कळला होता. इंजिन थंड ठेवणारे पाणी एका बारीक नळीतून कोमट होऊन बाहेर पडे. थंडीत बायका त्यावर धुणे धूत आणि आम्ही पोरे आंघोळ करीत असू.

या आवाजाने दुसरा एक आवाज संपवला, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी विहिरीवर मोट होती. धावेवरून उतरणारे बैल, नाडा आणि सोंदूर, चाकाची कुरकुर, थारोळ्यात पाणी ओतल्याचा धबधबा आणि या सगळ्याला धरून ठेवणारे मोटकऱ्याचे गाणे. बैल माघारी फिरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात ओळ पुरी व्हायची. त्या गाण्याची लांबी आणि यती विहिरीच्या खोलीने ठरे. शेजारच्या खानदेशात बहिणाबाईंच्या कवितेत मोट आहे. त्यांचे निधन १९५१ चे आणि संग्रह १९५२ चा, म्हणजे मोट अजून चालू असतानाचा. इंजिन आले आणि मोटकऱ्याला गाण्याचे कारण उरले नाही. यंत्राची लय स्वतःची होती, तिला माणसाचा गळा नको होता. मोटेवर पहाटेपासून राबणाऱ्या माणसाची आणि जनावरांची सुटका झाली, हे विसरून त्या गाण्यासाठी उसासे टाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मामांनी तरुणपणी मोट हाकली होती. तिच्याबद्दल ते कधी हळवे झाले नाहीत.

'डिझेल' हा शब्द आमच्या मुलखात आला तो दुसऱ्या वाटेने, मुंबई-आग्रा रस्त्याने. रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या आधीपासून होत्या, तेव्हा नवी गाडी वेगळी दाखवायला 'डिझेल गाडी' म्हणणे भाग पडले. विहिरीवर तसा प्रतिस्पर्धी नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत कसारा घाट चढणाऱ्या मालमोटारींत इंग्रज वंशावळीची इंजिने पुष्कळ होती. पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचे १९३७ साली निघालेले सहा नळकांड्यांचे 'पी-सिक्स' अनेक जातींच्या गाड्यांत बसवले जाई. पुढे मद्रासला पर्किन्सची इंजिने बनू लागली. मद्रासच्याच अशोक मोटर्सने लेलँडच्या 'कॉमेट' गाड्या जुळवायला घेतल्या आणि १९५५ मध्ये ती कंपनी 'अशोक लेलँड' झाली. १९५४ पासून टाटांच्या गाड्या मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने रस्त्यावर आल्या. म्हणजे ॲक्रॉइड स्टुअर्ट आणि डिझेल यांच्या देशांची स्पर्धा कसाऱ्याच्या चढावर, लासलगावच्या कांद्याच्या गोण्या पाठीवर घेऊन, पुन्हा चालू झाली असे गमतीने म्हणता येईल. चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये पडे, केबिनमध्ये पायाशी भट्टी पेटल्यासारखे होई आणि क्लीनर चाकामागे लावायचा दगड घेऊन दाराशी सज्ज राही.

तोच घाट उतरून समुद्राकडे गेले तर हीच इंजिने पाण्यावर भेटतात. मुंबई राज्यात मच्छीमार होड्यांना इंजिने बसवण्याची सरकारी योजना पन्नाशीच्या दशकात जोर धरू लागली आणि पालघरजवळचे सातपाटी हे त्यातले अग्रेसर बंदर. शिडाच्या जागी इंजिन आले. पुढे तर मालमोटारीचे लेलँड इंजिनच थोड्या फेरफाराने बोटीत बसू लागले. तिथेही वल्ह्याच्या तालावरचे गाणे कामातून गेले. पण कोळीगीत ध्वनिमुद्रिकांवर आणि रंगमंचावर चढून जगले. मोटेच्या गाण्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. ती लोकसाहित्याच्या संग्रहांत छापील होऊन राहिली.

आणि इंजिनाचे काय? मराठी कवितेत यंत्र आले नाही असे नाही. ज्यांचे बालपण आग्रा रस्त्यावरच्या पिंपळगाव बसवंतला गेले त्या कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'त (१९४२) 'आगगाडी व जमीन' आहे : विनवणारी जमीन, तिला तुडवणारी मदांध गाडी आणि शेवटी गाडीचा विनाश. त्या रूपकात यंत्र बाहेरून येते, जमिनीवरून धावते आणि निघून जाते. विहिरीवरचे इंजिन मात्र जागचे हलत नाही. ते जमिनीतूनच पाणी काढून जमिनीलाच देते. त्याचा मालक भांडवलदार नसतो, तो कर्जाचे हप्ते फेडणारा शेतकरी असतो. पीडक आणि पीडित अशा विभागणीत ते बसत नाही. गाण्याने भरलेली मोट गेलेल्या ग्रामजीवनाचे चिन्ह झाली, आगगाडी सत्तेचे चिन्ह झाली, आणि या दोहोंमधले ऑईल इंजिन कशाचेच चिन्ह होऊ शकले नाही. त्यामुळे ज्या तीन दशकांत नाशिकच्या शिवाराचे रूप पालटले, ऊस, द्राक्षे आणि उन्हाळ कांदा यांचा विस्तार झाला, त्या दशकांचा प्रत्यक्ष आवाज आपल्या साहित्यात क्षीण ऐकू येतो.

पुढे खेडोपाडी वीज आली, विद्युत मोटार विहिरीत उतरली आणि इंजिने गोठ्यात गेली. २००० नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत काहींनी ती पुन्हा बाहेर काढली. मामेभावाने एकदा आमचे इंजिन झाडूनपुसून विहिरीवर नेले. हँडल मारायला त्याच्या अंगात जोर होता, पण दाबाची कळ नेमकी केव्हा सोडायची ते त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा थकलेले मामा खाटेवरून म्हणाले, "चाकाकडे बघू नको, आवाजाकडे ध्यान दे. मी सांगतो तवा सोड." त्यांनी सांगितले तेव्हा त्याने कळ सोडली आणि इंजिन लागले.

हे ध्यान देणे हेही एक वाचनच होते, आणि त्याचा स्वतःचा शब्दसंग्रह होता. इंजिन 'लागते', 'धरते', 'दम टाकते', 'पाणी तुटते'. या क्रियापदांचे नेमके अर्थ सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. मोटेचे शब्द आपण वेळेवर टिपून घेतले. आमच्या विहिरीवर इंजिनाचा चौथरा अजून आहे, त्यातून वर आलेले चार बोल्टही आहेत. नाशिक परिसरातील महाविद्यालयांत भाषेचे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय हवा असल्यास त्यांनी अशा एखाद्या चौथऱ्यापासून सुरुवात करावी, आणि तो बांधणाऱ्या माणसापाशी जाऊन बसावे.